एक्सपीवर रजिस्ट्रीच्या ६१४ चुका: ‘फिक्स ऑल’ दाबू का?

जुना_खोका:

विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३, ३२ बिट. मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही. एका जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून फक्त त्यासाठी ठेवलंय. सध्याच्या तक्रारी:

१. लॉगिन झालं की ‘रनडीएलएल’ची चौकट येते, अमुक मॉड्यूल सापडलं नाही म्हणून. ओके दाबलं की जाते.
२. डीव्हीडी ड्राइव्ह माय कॉम्प्युटरमधून गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १९, म्हणजे रजिस्ट्रीतली माहिती अपुरी किंवा खराब.
३. गेल्या आठवड्यात एकदा सुरू होतानाच काळ्या पडद्यावर संदेश आला, की कॉन्फिग फोल्डरमधली ‘सिस्टम’ ही फाइल नाही किंवा खराब आहे. बंद करून परत चालू केल्यावर नीट सुरू झालं.
४. एका फुकट रजिस्ट्री क्लीनरने ६१४ चुका दाखवल्यात.

क्लीनरचं ‘फिक्स ऑल’ दाबू का? त्याआधी रेजएडिटमधून (विंडोजचा रजिस्ट्री संपादक) सगळी रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून ठेवली तर बॅकअप म्हणून पुरेल ना? एक्सपीची मूळ सीडी आहे.

नोंदवही:

दाबू नका. तुमच्या यादीत घाबरण्यासारखा मुद्दा तिसरा आहे, आणि त्याला क्लीनर हातही लावू शकत नाही.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमची सेटिंग्ज ठेवणाऱ्या, डिस्कवरच्या साध्या फाइली. सी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग या फोल्डरमध्ये सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट अशा पाच, शिवाय प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये एनटीयूझर.डॅट. यांना हाइव्ह म्हणतात. ‘सिस्टम’ हाइव्ह एकदा वाचता आली नाही आणि दुसऱ्यांदा वाचता आली, याचा अर्थ फाइलीतला मजकूर बहुधा शाबूत आहे, वाचणाऱ्या वाटेत खोट आहे: डिस्क, केबल, रॅम किंवा पॉवर सप्लाय. अशा मशीनवर रजिस्ट्रीत लिहायला गेलात तर चांगली हाइव्हसुद्धा बिघडवून बसाल. म्हणून क्रम असा ठेवा:

आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडा. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांक असेल तर बॅड ब्लॉक, ११ असेल तर कंट्रोलर किंवा केबल. ‘एनटीएफएस’खाली ५५ असेल तर फाइल सिस्टमचा ढाचा बिघडलाय. स्मार्ट (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) दाखवणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ५, १९७ आणि १९९ या तीन ओळींचे कच्चे आकडे बघून इथे लिहा. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ची बूट सीडी दुसऱ्या मशीनवर बनवून निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही चूक निघाली तर रॅम बदलेपर्यंत पुढे जाऊ नका.

चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा) ‘/आर’ लावून चालवायची ती फाइली बाहेर काढून झाल्यावरच. ती प्रत्येक सेक्टर वाचते, तासन्‌तास चालते, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच जाते.

आता ते ६१४. क्लीनर मोजतो ते काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचे पत्ते, मालक नसलेली फाइल एक्स्टेन्शन्स, रिकाम्या की (रजिस्ट्रीतले फोल्डर) आणि अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या नोंदी. विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, हवी ती की नावाने थेट मागते. लाखो नोंदींत सहाशे मेलेल्या असल्या तर वेगात काडीचा फरक पडत नाही. उलट क्लीनरचा सगळा कारभार अंदाजावर. पत्त्यावर फाइल दिसली नाही की नोंद चूक, मग ती फाइल त्या वेळी न जोडलेल्या ड्राइव्हवर का असेना. तुमच्या स्कॅनरच्या ड्रायव्हरची एखादी नोंद त्याला ‘रिकामी’ वाटली, तर ज्यासाठी मशीन ठेवलंय तेच बंद पडेल.

हेक्स_१६:

बॅकअपबद्दल: एक्स्पोर्ट केलेली रेज फाइल पूर्ण बॅकअप नव्हे, आणि तिचा भरवसा धरणारे इथेच फसतात. ती परत इम्पोर्ट केली की मजकूर मिसळला जातो, जागा घेत नाही. बदललेली व्हॅल्यू (कीच्या आतली एकेक नोंद) पूर्ववत होते, पुसलेली परत येते. पण मधल्या काळात नवीन घुसलेली नोंद तशीच राहते. सॅम आणि सिक्युरिटीच्या आतलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही दिसत नाही, त्यामुळे तेही तिच्यात येत नाही. आणि विंडोजच सुरू झालं नाही तर ती इम्पोर्ट करणार कुठून?

तीन थर ठेवा. सिस्टम रिस्टोअरमध्ये जाऊन हाताने एक रिस्टोअर पॉइंट (सिस्टम फाइली आणि रजिस्ट्रीची त्या वेळची प्रत) तयार करा. मूळ सेटिंगवर एक्सपी ९० दिवसांहून जुने पॉइंट पुसते, आणि सिस्टम रिस्टोअर बंद केलंत तर सगळे एका फटक्यात जातात. ‘जागा मोकळी करू’ म्हणून बंद करू नका. दुसरा थर ईआरयूएनटी. हा छोटा फुकट प्रोग्रॅम एनटी, २००० आणि एक्सपीसाठीच बनलाय. तो चालू विंडोजमधून हाइव्ह अख्ख्याच्या अख्ख्या विंडोज\ईआरडीएनटी फोल्डरमध्ये उतरवतो आणि शेजारी परत बसवणारा प्रोग्रॅमही ठेवतो. वापरकर्त्याची हाइव्ह घेण्याच्या चौकोनातही खूण करा. त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. रेज फाइल हा तिसरा थर: जी की बदलायची तेवढीच एक्स्पोर्ट करायची.

रेजएडिटमध्ये सेव्ह नाही आणि अनडूही नाही. एंटर दाबला की बदल झाला.

जुना_खोका:

रॅम दोन फेऱ्यांत स्वच्छ. स्मार्टमध्ये ५ आणि १९७ शून्य, १९९ मध्ये ३४०. सिस्टम लॉगमध्ये ११ क्रमांकाच्या बऱ्याच नोंदी. ईआरयूएनटीने प्रत घेतली, बाहेरही ठेवली. डिस्क जुन्या रुंद पट्टीच्या केबलवर आहे.

नोंदवही:

मग डिस्क ठीक दिसते, केबल नाही. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत खराब झालेल्या डेटाची मोजणी. आयडीई (जुन्या रुंद पट्टीची जोडणी) असेल तर ८० तारांची केबल घाला, निळं टोक मदरबोर्डाकडे, काळं डिस्कला. ४० तारांची जुनी असेल तर ती फेकाच. ३४० हा आकडा परत शून्य होत नाही, तेव्हा तो वाढतोय का एवढंच बघायचं. आठवडाभर तिथेच थांबला की काम झालं.

केबल बदलल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलची ‘करंट ट्रान्सफर मोड’ ओळ बघा. सहा वेळा असा घोळ झाला की एक्सपी डीएमए ही वेगवान पद्धत सोडून पीआयओ या मंद पद्धतीवर उतरते आणि आपणहून वर येत नाही. मशीन रांगतं, आणि लोक रजिस्ट्रीला शिव्या देतात. पीआयओ दिसलं तर ते चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट. विंडोज ते नव्याने ओळखून डीएमए लावते.

हेक्स_१६:

आता उरलेल्या दोन दुरुस्त्या. एका वेळी एकच, मध्ये रीस्टार्ट.

रनडीएलएलची चौकट: प्रोग्रॅम गेला, त्याला बोलावणारी नोंद राहिली. एमएसकॉन्फिगच्या (विंडोजबरोबर काय सुरू होतं ते ठरवणारी सोय) स्टार्टअप टॅबमध्ये चौकटीतल्या फाइलीचं नाव असलेली ओळ शोधून खूण काढा. त्यामुळे नोंद पुसली जात नाही, बाजूला ठेवली जाते. चुकलात तर खूण परत करायची. तिथे नसेल तर शेड्यूल्ड टास्क्स बघा. आठवडाभर तक्रार आली नाही की मग हवं तर रेजएडिटमधून पुसा, पण ‘रन’ कीमधली ती एक व्हॅल्यू, अख्खी की नव्हे. आणि तिकडे फिरताना विनलॉगऑन या लॉगिनच्या कीमधल्या ‘यूझरइनिट’ला हात लावू नका. ती बिघडली की लॉगिन होताक्षणी लॉगआउट, सेफ मोडमध्येसुद्धा.

डीव्हीडी ड्राइव्ह: कोड १९ चं नेहमीचं कारण म्हणजे सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने मागे ठेवलेले फिल्टर (ड्राइव्हच्या ड्रायव्हरला जोडलेले जादा ड्रायव्हर). रेजएडिटमध्ये एचकेएलएम (एचकी_लोकल_मशीन)\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\क्लास इथे {४डी३६ई९६५-ई३२५-११सीई-बीएफसी१-०८००२बीई१०३१८} ही की एक्स्पोर्ट करा. मग उजव्या बाजूला ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन व्हॅल्यू असतील त्या पुसा, रीस्टार्ट करा. एकच असेल तर एकच. सीडी लिहिणारा प्रोग्रॅम अजून वापरात असेल तर तो नंतर पुन्हा इन्स्टॉल करावा लागू शकतो.

पुसण्याआधी ‘क्लास’ या व्हॅल्यूत ‘सीडीरॉम’ लिहिलंय का ते वाचा. शेजारच्या ९६बी मध्ये कीबोर्ड आणि ९६एफ मध्ये माउस आहे, तिथेही अपरफिल्टर्स असते आणि ती हवीच असते. ९६बी मधली उडवलीत तर पुढच्या वेळी पासवर्ड टाइप करायला कीबोर्डच नसेल.

ब्लूस्क्रीन:

तो काळा पडदा परत आला आणि या वेळी गेला नाही, तर काय करायचं हेही असू द्या. सीडीवरून बूट करा. विंडोजला ड्राइव्ह दिसत नसला तरी बायॉसला दिसतो, त्यामुळे अडणार नाही. पहिल्या पडद्यावर ‘आर’ दाबून रिकव्हरी कन्सोल (विंडोज सुरू न करता आज्ञा द्यायची जागा), विंडोजचा क्रमांक, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. तिथून ईआरडीएनटीमधल्या तारखेच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘बॅच ईआरडीएनटी.कॉन’ ही आज्ञा द्या. सिस्टमच्या हाइव्ह परत बसतात.

जुन्या लेखांत विंडोज\रिपेअर फोल्डरमधल्या पाच फाइली कॉपी करायला सांगतात. त्या प्रती विंडोज पहिल्यांदा टाकलं त्या दिवसाच्या. नंतरचे ड्रायव्हर, प्रोग्रॅम, वापरकर्ते यांपैकी काहीच त्यांना माहीत नसतं. ती पायरी फक्त आत शिरण्यापुरती असते, पुढे रिस्टोअर पॉइंटच्या स्नॅपशॉट फोल्डरमधल्या हाइव्ह बसवायच्या असतात. पाचही एकाच पॉइंटमधून घ्या, वेगवेगळ्या तारखांची भेळ नको. आणि मशीन विकत घेतानाच त्यात एक्सपी टाकलेली होती, तर हा मार्ग धरूच नका: जुन्या सॅममधली खाती आणि पासवर्ड तुमच्याकडे नसतात, आत जाताच येत नाही.

जुना_खोका:

केबल ४० तारांचीच निघाली, बदलली. चॅनल पीआयओवर होतं, आता डीएमए. अपरफिल्टर्स नव्हती, फक्त लोअरफिल्टर्स होती. पुसल्यावर ड्राइव्ह दिसू लागला. रनडीएलएलची ओळ एमएसकॉन्फिगमध्ये सापडली, चौकट बंद. पण आता प्रत्येक लॉगिनला ‘सिस्टम कॉन्फिगरेशन युटिलिटी’ची नवीच चौकट येते.

हेक्स_१६:

ती एमएसकॉन्फिगचीच चौकट, तुम्ही स्टार्टअप बदललाय याची आठवण आहे, चूक नाही. चौकटीतच ‘पुन्हा दाखवू नका’चा चौकोन आहे, खूण करून ओके. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडू नका, नाहीतर रनडीएलएलची ओळ परत चालू होईल.