जैसलमेरच्या वाळूसाठी टायर: एटी (ऑल-टेरेन, सर्व प्रकारच्या वाटांचे) घ्यावेत की एमटी (मड-टेरेन, चिखलाचे)?

सिंहगडरस्ता:
नमस्कार. माझ्याकडे तीन दारांची, फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल थार आहे. 255/65 आर 18 या मापाचे मूळचे टायर झिजले असून ते बदलावेच लागणार आहेत. डिसेंबरअखेर आम्ही दोन कुटुंबे पुण्याहून जैसलमेरला जाणार आहोत आणि सम व खुरी या भागांत स्थानिक वाटाड्याला बरोबर घेऊन दोन दिवस वाळूत गाडी चालवण्याचा विचार आहे. नाना पेठेतील एका दुकानदाराने "वाळूत जायचे तर एमटीच घ्या, एटीने भागायचे नाही" असे छातीठोकपणे सांगितले. माझे मेहुणे म्हणतात की, टायर जितका रुंद तितका चांगला. गाडी एरवी रोज हिंजवडीला जाते आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ताम्हिणी घाटात. वाळूचा मला काहीच अनुभव नाही, त्यामुळे जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_जीपवाला:
दुकानदाराचे म्हणणे चिखलाच्या बाबतीत बरोबर आहे, वाळूच्या बाबतीत नाही. एमटीच्या मोठमोठ्या ठोकळ्यांमधील खोल खाचा चिखल पकडण्यासाठी आणि चाक फिरताना तो बाहेर फेकण्यासाठी असतात. कोरड्या, सुट्या वाळूत पकडण्यासारखे काही नसतेच. तिथे हेच ठोकळे फावड्याचे काम करतात. चाक जागच्या जागी फिरू लागले आणि चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी स्वतःच खड्डा खणून पोटावर बसते. वाळूवर गाडी तरंगली पाहिजे, तिने वाळू खणता कामा नये.

तरंगण्याचे गणित सोपे आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळमानाने त्याच्या आतील हवेच्या दाबाइतकाच असतो. माणसे आणि सामान धरून गाडी दोन टनांची मानली, तर प्रत्येक चाकावर सुमारे 500 किलो भार येतो. रस्त्यावर नेहमी ठेवतो तो 32 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो; म्हणजे चाकाला सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास जमीन लागते. हवा 16 वर आणली की हेच क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते. प्रत्यक्षात साइडवॉलही (टायरची उभी बाजू) थोडा भार उचलते, त्यामुळे ते पुरते दुप्पट होत नाही. पण फरक प्रचंड पडतो, आणि तो एक रुपयाही खर्च न करता.

मेहुण्यांच्या मुद्द्याविषयी सांगायचे तर, हवा कमी केल्यावर टायरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. मी एकदा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायरला खडू फासून गाडी पुठ्ठ्यावर चढवून पाहिली होती. 32 ला ठसा वीतभरही नव्हता. 16 ला तो वीत ओलांडून पुढे गेला, बाजू मात्र बोटभरही सरकल्या नाहीत. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा हा लांब ठसाच गाडीला वाळूवर ठेवतो. याउलट फार रुंद टायर पुढची वाळू नांगरत जातो आणि इंजिनावरचा भार वाढवतो.

तेव्हा चांगल्या कंपनीचे, फार आक्रमक नक्षी नसलेले एटी घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे ते जैसलमेर एका बाजूने हजार-बाराशे किलोमीटर डांबर आहे आणि वाळू दोनच दिवसांची. एमटीचा गुणगुणाट अहमदाबादेपर्यंतच डोके उठवेल, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावताना त्याची पकड एटीपेक्षा कमी पडते, हे ताम्हिणीत पावसात जाणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

घाटमाथा:
थोडा मतभेद नोंदवतो. मी एमटी टायरवरच समच्या टेकड्या चढलो आहे आणि अडकलो नाही. हवा 15 ठेवली होती आणि गाडीचा वेग तुटू दिला नव्हता. म्हणजे एमटीने वाळूत जाताच येत नाही, असे नाही. चूक करायला एटीपेक्षा कमी वाव मिळतो, इतकेच. मात्र फक्त या सहलीसाठी एमटी घ्यावेत, असे मीही म्हणणार नाही.

रबर_आणि_रस्ता:
नक्षीवर पुष्कळ चर्चा झाली, साइडवॉलकडे मात्र दुर्लक्ष झाले. हवा कमी केल्यावर फुगायला साइडवॉलला उंची लागते. आपल्या 255/65 आर 18 मध्ये ती सुमारे 166 मिलिमीटर आहे. याच थारच्या खालच्या प्रकाराला कंपनीने 245/75 आर 16 टायर दिले होते आणि त्यांत ती सुमारे 184 मिलिमीटर भरते. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच असल्यामुळे कोणाकडे 16 इंची रिमचा संच सुस्थितीत मिळाला, तर वाळूसाठी तोच उत्तम. अर्थात सध्याच्या रिमवरही काम निश्चित भागेल. त्यासाठी मुद्दाम खर्च करण्याची गरज नाही. कंपनीने न दिलेल्या मापाच्या वाटेला मात्र जाऊ नये, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीतील फेरफारांविषयीचे कलम) आणि विम्याचा प्रश्न उद्भवू शकतो.

दुसरे असे की, "जास्त प्लायचा (थरांचा), मजबूत" म्हणून एलटी (लाइट ट्रक) वर्गाचा जाड टायर गळ्यात मारला जातो. खडकाळ वाटेवर त्याचा फायदा आहे, पण थारसारख्या तुलनेने हलक्या गाडीखाली तो 16 पीएसआयलाही पुरेसा पसरत नाही. भारांक (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) मात्र मूळ टायरपेक्षा कमी नको. उदाहरणार्थ, 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो.

खरेदी करताना साइडवॉलवरील, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचावेत: 2324 असेल तर तो टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. आणि चार नव्हे, पाच टायर घ्यावेत. स्टेपनी जुनी, झिजलेली राहिली आणि ती वाटेत लावावी लागली, तर चाकांच्या परिघातील फरकामुळे फोर-व्हीलमध्ये गिअरांवर विनाकारण ताण येतो.

सिंहगडरस्ता:
सर्वांचे मनापासून आभार. एटी, मूळचेच माप आणि पाच नग असे ठरवले आहे. आता दोन शंका आहेत. हवा नेमकी किती कमी करावी? आणि ती परत भरायची कशी? माझ्याकडे सिगारेट लायटरला लावायचा छोटा पंप आहे. शिवाय पेट्रोल पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरून घेतला आहे, तो सोडून देणे जिवावर येते.

जुना_जीपवाला:
नायट्रोजनचा शोक करू नये. साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

टायर थंड असताना स्वतःच्या गेजने मोजून 18 पासून सुरुवात करावी. गाडी ओढू लागली, तर थांबून 15-16 वर आणावे. 12 हा अडकल्यावरचा उपाय आहे, फिरण्याचा नव्हे. मी एकदा 11 वर असताना टेकडीच्या उतारावर स्टिअरिंग झटक्यात वळवले आणि पुढच्या टायरचे बीड (रिमला घट्ट बसणारी कड) रिमवरून सुटले. "फस्स" असा आवाज आला आणि पुढचे तीन तास फावडे, जॅक आणि जॅकखाली ठेवायला फळी शोधण्यात गेले. कमी हवेत वळणे सावकाश घ्यावीत, वेग 40 च्या आत ठेवावा आणि थांबताना ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी. जमल्यास तोंड उताराकडे असावे. सकाळी वाळू थंड आणि थोडी घट्ट असते, तेव्हा चढ त्या वेळीच उरकून घ्यावेत. माळढोकासाठी राखलेल्या क्षेत्रात मात्र वाटाडा "चला" म्हणाला तरी शिरू नये.

छोटा पंप एका पंक्चरपुरता ठीक आहे. चार टायर 16 वरून 32 वर नेताना तो तापून बंद पडतो किंवा लायटरचा फ्यूज उडतो. बॅटरीला थेट चिमटे लावता येतील असा 12 व्होल्टचा दणकट कॉम्प्रेसर घ्यावा, इंजिन चालू ठेवूनच तो वापरावा आणि दर दोन टायरनंतर त्याला थंड होऊ द्यावे. डांबर लागले की पहिल्या चहाच्या टपरीवरच हवा भरून घ्यावी, कारण 16 पीएसआयवर महामार्गाचा वेग धरला, तर साइडवॉल तापून टायर फुटू शकतो.