सफरचंदाची बाग आणि किमोनो खरेदी

ताई, तुम्ही विचारलंय की जपानमध्ये सफरचंदाच्या बागेत कामाला कधी जावं आणि किमोनो घ्यावा की युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला साधा, हलका किमोनो. मी उत्तर जपानच्या आओमोरी प्रांतात हिरोसाकी शहराजवळ सफरचंदाच्या बागेत दोन आठवडे होतो, पगार नाही पण राहणं-जेवण त्यांच्याकडे. ऑक्टोबरात जा असं सांगेन, कारण तेव्हा फळाला सगळीकडून लाल रंग यावा म्हणून सावली पाडणारी पानं खुडायची आणि एकेक फळ हाताने फिरवायचं काम असतं, मान भरून येते पण एका सफरचंदामागे किती हात लागतात ते तिथेच कळलं.

कपड्यांचं म्हणाल तर युकाताच घ्या, सुती, एकेरी, घरी धुता येतो, रेशमी किमोनो नेसायला शिकवणारं कोणी हवं. क्योतोला जाणार असाल तर महिन्याच्या २१ तारखेला भरणारा तोजी देवळाचा बाजार गाठा, जुने किमोनो खूप स्वस्त मिळतात. आणि नेसताना डावी बाजू उजवीच्या वर घ्या, उलटं फक्त मृताला नेसवतात!

हिरोसाकीत कोगिन भरतकाम नक्की बघा, तिथल्या शेतकऱ्यांना पूर्वी सुती कपडे वापरायला बंदी होती म्हणून बायका जाड्याभरड्या कापडावर सुती दोऱ्याने दाट टाके घालून ऊब आणायच्या. मी आईसाठी छोटा बटवा आणला, ती अजून वापरते.