डीएलवाय फाइलीचे रूपांतर केल्यावर तापमान दहापट दिसते

प्रश्न: नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या जीएचसीएन-डेली या दैनंदिन हवामान नोंदींच्या संग्रहातून एका हवामान केंद्राची डीएलवाय (त्या संग्रहाच्या मजकूर स्वरूपातली) फाइल उतरवून घेऊन मी ती छोट्या पायथन प्रोग्रामने सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यात) रूपांतरित केली, परंतु कमाल तापमान ३१२ असे दिसते आणि मधूनच -९९९९ येते. चूक नेमकी कुठे होत असावी?

प्रतिसाद १: ही चूक नव्हे. या संग्रहात तापमान अंश सेल्सिअसच्या आणि पाऊस मिलिमीटरच्या दशांशात नोंदवतात, त्यामुळे ३१२ म्हणजे ३१.२ अंश. -९९९९ म्हणजे नोंद उपलब्ध नाही. दहाने भागण्याआधीच त्या जागी मूल्य कोरे ठेवा, नाहीतर -९९९.९ हा आकडा गुपचूप सरासरीत मिसळेल.

प्रतिसाद २: थोडी भर घालतो. या फाइलीतील एक ओळ म्हणजे एका घटकाचा (उदा. कमाल तापमानाचा) एक महिना. पहिल्या २१ अक्षरांनंतर ३१ दिवसांसाठी प्रत्येकी ८ अक्षरे येतात, त्यांतली पाच मूल्याची आणि तीन खुणांची. मधली खूण गुणवत्तेची असून ती कोरी नसेल, तर ते मूल्य तपासणीत नापास झालेले असते. रूपांतर करताना ही खूण गाळून टाकणे मला तरी पटत नाही.

प्रश्नकर्ता: फेब्रुवारीला ३१ दिवस कसे आले, तेही आता उमगले. आभारी आहे.