इपॉक्सी रेझिन हाताला लागलं की थिनरने पुसायचं का? बहिणीच्या मनगटावर पुरळ उठलंय

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण घरीच रेझिनचं काम करते, नावाच्या पाट्या, घड्याळं, हळदीकुंकवाची तबकं वगैरे, आणि आता ऑर्डरी बऱ्यापैकी यायला लागल्यात. काम सगळं वरच्या पत्र्याच्या खोलीत चालतं. रेझिन हाताला लागलं की ती थिनरच्या बोळ्याने पुसते, सामान आणतो तिथं तसंच सांगितलं होतं आणि पुसल्यावर हात एकदम स्वच्छ दिसतो, त्यामुळे घरात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता दोन्ही मनगटांवर आणि बोटांच्या बेचक्यात बारीक लाल पुरळ उठलंय, रात्री खाज सुटते, पापण्या पण सुजल्यासारख्या दिसतात. आई म्हणते घामोळ्या आहेत. बाटलीवर तर नॉन टॉक्सिक लिहिलंय!
हाताला लागलेलं नेमकं कशाने काढायचं आणि हे पुरळ त्याचंच असेल का? नळाखाली हात धरा म्हणून सांगणार असाल तर आपल्या सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं ते पण लक्षात घ्या प्लीज.

लाकूडकाम_एमआयडीसी
दादा, थिनर आजपासून बंद करायला सांगा ताईंना. थिनर काय, ॲसिटोन काय, दोन्ही तेच करतात, रेझिन पातळ करून कातडीवर पसरवतात आणि कातडीचं स्वतःचं तेल काढून टाकतात, म्हणजे रेझिनला आत शिरायला वाट मोकळी. हात स्वच्छ दिसतो तो त्यामुळेच, माल गेलेला नसतो, पातळ होऊन पसरलेला असतो. स्पिरिट आणि सॅनिटायझर पण नकोच.
ओलं असताना असं करा. आधी कोरड्या टिश्यूने किंवा जुन्या सुती कापडाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू घ्यायची, नाहीतर तेच परत दुसऱ्या बोटाला लागतं. मग थोडं गोडंतेल, घरात करडईचं असेल तर तेच घ्या, डागावर हलकं फिरवायचं आणि परत कोऱ्या कापडाने टिपायचं. दोनतीनदा असं केलं की चिकटपणा बराच सुटतो, आणि मग भांड्याचा लिक्विड साबण आणि पाणी, तेल पूर्ण निघेपर्यंत. नखाच्या कडा आणि अंगठीखालचा भाग विसरू नका, अंगठी तर कामाच्या वेळी काढूनच ठेवायची. गॅरेजवाले बिनपाण्याची हात धुवायची पेस्ट वापरतात ती पण चालते, फक्त आत वाळूसारखे खडे नसलेली बघून घ्या, खरचटलेल्या कातडीवर रेझिन गेलं तर अजून वाईट.
वाळून कडक झालं असेल तर ब्लेडने खरवडू नका ओ! कोमट साबणपाण्यात हात भिजवा, तेल लावा, सुटेल तेवढं सुटेल आणि उरलेलं दोनचार दिवसांत कातडीबरोबर आपोआप निघून जातं.
पाण्याचं म्हणाल तर काम सुरू करायच्या आधी पाण्याची एक भरलेली बादली आणि एक प्लॅस्टिकचा मग खोलीतच ठेवा. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक व्हायला त्यात मिसळतात ते दुसऱ्या बाटलीतलं, डोळ्यात उडालं तर कमीत कमी १५ मिनिटं सलग पाणी मारावं लागतं आणि मग थेट दवाखाना, त्या वेळी टाकीत पाणी आहे का बघत बसायला वेळ नसतो.

पेठेतला_प्लंबर
एक सांगू का, आमच्या धंद्यात एमसील सगळे उघड्या हातानेच मळतात, पाण्याचा हात लावायचा आणि मळायचं, शिकवणाराच तसं शिकवतो. तो पण इपॉक्सीच आहे. माझ्या एका जुन्या जोडीदाराला आता नुसतं पाकीट उघडलं तरी हाताला फोड येतात, कामच बदलावं लागलं बिचाऱ्याला. पोरांना मी आता ग्लोव्हज घातल्याशिवाय हात लावू देत नाही.

ओपीडीतली_सिस्टर
स्किन ओपीडीत काम करते म्हणून लिहिते, फोरमवर बघून निदान करता येत नाही पण तुम्ही जे सांगताय त्यावरून हे घामोळ्यांपेक्षा ॲलर्जीसारखं जास्त वाटतंय. मनगट म्हणजे ग्लोव्हज संपतो ती जागा, आणि पापण्यांची कातडी सगळ्यात पातळ, तिथं हाताने लागलेलं किंवा हवेतनं बसलेलं थोडंसंही पुरतं.
महत्त्वाचं असं की ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी येते असं नाही, कितीतरी महिने काही होत नाही आणि मग एकदा शरीराने ओळख धरली की सहसा जन्मभर राहते, पुढे थेंबभरही चालत नाही. म्हणून आत्ताच काम थांबवायला सांगा, पुरळ पूर्ण जाईपर्यंत तरी. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, सिव्हिलला स्किनचा विभाग आहे, आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि नंतर परत एकदा बघतात, तपासायच्या नेहमीच्या पदार्थांत इपॉक्सी रेझिन असतं. जाताना बाटल्यांच्या लेबलचे फोटो घेऊन जा. आणि मेडिकलमधनं स्टेरॉइडची ट्यूब आणून मनाने लावू नका, पापण्यांवर तर अजिबात नाही.
नॉन टॉक्सिक हे फार तर पूर्ण वाळलेल्या वस्तूबद्दल समजा. बाटलीतलं रेझिन आणि हार्डनर त्यात धरू नका.

होटगीरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, उद्याच घेऊन जातो तिला. दादा, ग्लोव्हज ती घालायची पण घामाने आत पाणी साचतं म्हणून मधेच काढायची. आणि लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर जरा जास्त टाकते, ते चालतं का?

लाकूडकाम_एमआयडीसी
नाही चालत, ही गल्लत फायबरवाल्यांमुळे होते. त्यांचं पॉलिएस्टर रेझिन वेगळं, त्यात कॅटॅलिस्ट, म्हणजे सेट करणारं रसायन, कमीजास्त करून वेळ सांभाळतात. इपॉक्सीत जेवढं रेझिन तेवढ्याच हिशोबाचं हार्डनर, २:१ लिहिलं असेल तर २:१ च, आणि ते वजनाने की मापाने तेही लेबलवर बघायचं. जास्तीचं हार्डनर तसंच राहतं, वस्तू चिकट राहते आणि ती हाताळताना तेच परत कातडीला लागतं.
ग्लोव्हज नायट्राइलचे घ्या, लेटेक्सचे नको. आत पातळ सुती हातमोजे घातले की घाम टिपला जातो. रेझिन लागलं की जोडी बदलायची, उलटी करत काढायची म्हणजे बाहेरची बाजू हाताला लागत नाही. आणि नायट्राइलमधनं ॲसिटोन लवकर आरपार जातं, ग्लोव्हज घालून थिनरने पुसते म्हणजे सेफ असं समजू नका.
पत्र्याच्या खोलीचं खरंच काहीतरी करा. बाटलीवर माल सेट व्हायची वेळ लिहिलेली असते ती २५ अंशाच्या आसपासची, १० अंश वाढले की साधारण निम्मी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ च्या पुढे, पत्र्याखाली विचारूच नका. मगमध्ये जास्त माल एकदम मिसळून ठेवला की तो स्वतःच तापतो, प्लॅस्टिकचा मग मऊ पडतो, धूर निघतो. थोडं थोडं मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. मगमधला माल तापलाच तर तो मग बाहेर मोकळ्यात फरशीवर ठेवून लांब व्हायचं, त्यावर वाकून बघायचं नाही.
घासकाम पूर्ण सेट झाल्यावरच, बहुतेक मालाला आठवडा लागतो, आणि पाण्याने ओलं करून घासायचं म्हणजे धूळ उडत नाही. एन ९५ धुळीला ठीक, वासाला नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पण हे सगळं टेस्टचा रिझल्ट आल्यावर. ॲलर्जी निघाली तर ओतकाम दुसऱ्या कोणाकडे द्या आणि ताईंनी डिझाइन, पॅकिंग, ऑर्डरी बघाव्यात. अर्धवट वाळलेला मालही त्यांनी उचलायचा नाही.

होटगीरोडकर
बरं. खोलीतल्या उरलेल्या अर्ध्या बाटल्या मोरीत ओतून टाकू का?

लाकूडकाम_एमआयडीसी
मोरीत अजिबात नको. ग्लोव्हज घालून मापात थोडं थोडं मिसळा, जुन्या ट्रेमध्ये पातळ थर देऊन अंगणात सावलीला कडक होऊ द्या, मग कचऱ्यात. ते काम तुम्ही करा, ताईंना खाली ठेवा.