मदत हवी आहे: व्हीएलसी टाकायला गेलो अन् भलतंच बसलं

सेलूकर:
राम राम मंडळी. गावातल्या सप्त्याची कीर्तनं पुतण्यानं मोबाइलवर काढून पेनड्राइव्हमध्ये भरून दिली. अण्णांना गुडघ्यामुळं मंडपात बसणं झालं नाही, म्हणून मुद्दाम. लॅपटॉपवर लावलं तर महाराजांचा आवाज येतो, चित्र काही दिसंना. विंडोजचा प्लेअर कसल्याशा एक्स्टेन्शनचे पैसे मागायलाय.

एकानं सांगितलं व्हीएलसी टाक, तो फुकटातला व्हिडिओ प्लेअर आहे म्हणून. मी नाव शोधलं, सगळ्यात वरची लिंक उघडली, मोठं हिरवं बटण दाबलं, नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलो. प्लेअर आलाच नाही. आला तो कसला तरी क्लीनर, ‘तुमच्या पीसीत चुका सापडल्या’ म्हणून दर पाच मिनिटाला ओरडायलाय. ब्राउझरचं पहिलं पानही बदललं. लॅपटॉप आय-थ्री, चौथ्या पिढीचा, 4 जीबी रॅम, विंडोज 10. अण्णांच्या पेन्शनचं बँक खातं यावरच बघतो, म्हणून भ्या वाटायलंय.

गोदाकाठचा:
कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) असतात ना, त्यांचा पॅक टाका एखादा, विषय संपला.

मांजराकाठ:
गोदाकाठचे, दुखणं एक अन् औषध दुसरंच. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत घेऊनच येतो, वेगळा पॅक कशाला? अशा पॅकच्या नावाखालीच निम्मा कचरा घरात येतो.

सेलूकर, तो क्लीनर काही सापडलं म्हणाला तरी पैसे भरू नका. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समध्ये जा, यादी तारखेनुसार लावा, त्या दिवशी जे जे बसलं ते काढून टाका. ब्राउझर रीसेट करा, नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिलीय तेही बघा. मग डिफेंडरचा (विंडोजमधलाच अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप बंद होऊन चालू होईल, घाबरू नका. बँकेचा पासवर्ड आजच बदला, पण दुसऱ्या मोबाइलवरून, या लॅपटॉपवरून नाही.

आता खरा प्लेअर. तुम्ही उघडलेल्या लिंकवर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असणार. ती जाहिरात असते. व्हीएलसीचं घर एकच: व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. हे काम 1996 साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलं, 2001 पासून ते मोकळ्या परवान्यावर आहे, अन् आज ते बघणारी संस्था नफ्यासाठी चालत नाही. म्हणून त्यात जाहिरात नसते, कुणी ईमेल मागत नाही. पण मोकळ्या परवान्याचा एक तोटाही आहे. कुणीही त्याचं गाठोडं बांधून, त्यात आपलं लचांड घालून, आपल्या साइटवर ठेवू शकतो. तुम्हाला तेच भेटलं.

(2022 मध्ये ही साइट आपल्या देशात काही महिने उघडतच नव्हती, नोव्हेंबरात पुन्हा चालू झाली. आडवाटेनं उतरवायची सवय तेव्हाच अनेकांना लागली असं मला वाटतं.)

फाइल उतरली की लगेच डबल क्लिक करू नका. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथं व्हिडिओलॅन हे नाव पाहिजे. नाव नसेल किंवा तो टॅबच नसेल तर फाइल डिलीट. 64 बिटची फाइल साधारण 40-45 एमबीची असते, दोन-तीन एमबीचा ‘डाउनलोडर’ आला तर तो हा नव्हेच. बसवताना वेब प्लगिनची खूण काढली तरी काही बिघडत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर प्रायव्हसीची खिडकी येते, त्यात मेटाडेटावाली (फाइलची माहिती नेटवरून आणणारी) खूण काढा, अपडेटवाली राहू द्या.

सेलूकर:
दादा, लई उपकार. क्लीनर गेला, स्कॅनमध्ये दोन गोष्टी सापडल्या, त्याही काढल्या. पासवर्ड बायकोच्या मोबाइलवरून बदलला. सिग्नेचरमध्ये नाव बघितलं, मगच बसवलं. व्हीएलसीचा नारिंगी शंकू आला! चित्रही दिसायलंय, पण अडकत अडकत. टाळ वाजतो आधी, हात हलतो नंतर.

मांजराकाठ:
पुतण्याचा मोबाइल नवा असेल. तो एच-265 मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) अन् बहुतेक 4के मध्ये (लई मोठं चित्र) रेकॉर्ड करायलाय. तुमच्या पिढीच्या आय-थ्रीला एच-265 उलगडायचं हार्डवेअर नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आधी फाइल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपमध्ये घ्या. तरी अडकलं तर कंट्रोल-आर दाबून फाइल निवडा, कन्व्हर्टमध्ये एच-264 (जुनी, हलकी पद्धत) अन् एमपी4 वालं प्रोफाइल घ्या. शेजारच्या पान्याच्या चित्रावर क्लिक करून व्हिडिओच्या रेझोल्यूशनमध्ये रुंदी 1280 करा. या मशीनवर वेळ लई लागेल, रात्री लावून झोपा. पुतण्याला मात्र सांगा, पुढच्या सप्त्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 1080 अन् एच-264 ठेव म्हणून.

गोदाकाठचा:
चुकलं माझं. आमच्याकडं 3 वर्षांपूर्वी पॅकनं काम झालं होतं, म्हणून बोललो. आवाज कमी वाटला तर व्हीएलसीत 125 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, पण फाटतो. पखवाजात महाराज बुडत असतील तर कंट्रोल-ई मधला कॉम्प्रेसर (मोठा अन् बारीक आवाज जवळ आणणारा) चालू करून बघा.

सेलूकर:
कॉम्प्रेसरनं खरंच फरक पडला. दोन कीर्तनं रात्रीतून बदलून झाली, एकदम मऊ चालायलीत. आता फक्त एक. काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं अन् लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी तर मेलेलीच. लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू झालं. अण्णा म्हणायलेत, कुठवर आलो होतो ते मला सापडंना.

मांजराकाठ:
कंट्रोल-पी, इंटरफेसमध्ये खाली ‘कंटिन्यू प्लेबॅक’ दिसेल, ते ‘ऑलवेज’ करून सेव्ह करा. प्लेअर नीट बंद केला की पुढच्या वेळी तिथूनच चालू होईल. झटक्यात लाईट गेली तर मात्र ते लक्षात राहीलच असं नाही. बॅटरी बदलेपर्यंत अण्णांना कंट्रोल-टी शिकवा, किती मिनिटावर जायचं ते टाकता येतं. मिनिट कागदावर लिहून ठेवायचं काम नातवाला द्या.