घरच्या घरी आयकर विवरणपत्र भरण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न (शिक्षिका, जुळे सोलापूर, २०२५)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आतापर्यंत आम्हा सर्व सहकाऱ्यांची विवरणपत्रे एकाच कर सल्लागारांकडे जात असत. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र मात्र मी स्वतः भरायचे ठरवले आहे, आणि मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढल्यामुळे वेळही आहे. माझ्याकडे फॉर्म १६ (वेतन आणि कापलेल्या कराचा दाखला) आहे, मुदत ठेवींचे थोडे व्याज आहे, म्युच्युअल फंडाची युनिट्स विकून चाळीस हजारांच्या आसपास दीर्घ मुदतीचा नफा झाला आहे, आणि सांगोल्याजवळ माझ्या नावावर डाळिंबाची बाग आहे; शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे तिची चौकशी आजवर कोणी केली नाही. आयकर विभागाची मोफत सुविधा पुरेशी होईल, की पैसे मोजून एखादे सॉफ्टवेअर घ्यावे?

उत्तर १ (निवृत्त बँक कर्मचारी, सात रस्ता)

ताई, पैसे कशाला खर्च करता? विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर वेतन, व्याज आणि कापलेला कर हे बरेचसे आधीच भरून येते; आपण ते फॉर्म १६, २६एएस (कापलेल्या कराचे विवरण) आणि वार्षिक माहिती विवरणाशी, म्हणजे एआयएसशी, ताडून पाहायचे. फंडाच्या नफ्याचीही अडचण नाही, कारण सूचिबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांवरील सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा २०२४-२५ च्या विवरणपत्रापासून ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ मध्येच दाखवता येतो. मी दरवर्षी तिथेच भरतो.

उत्तर २ (कर व्यवसायी, नवी पेठ)

वरील सल्ला नोकरदाराला लागू आहे, बागायतदाराला नाही. शेतीचे उत्पन्न पाच हजार रुपयांच्या वर गेले की ‘सहज’ चालत नाही आणि आयटीआर-२ भरावा लागतो. आपल्या जिल्ह्यात नोकरी आणि शेती एकाच घरात नांदतात, त्यामुळे ही चूक सर्रास होते. डाळिंबाच्या विक्रीची पट्टी एआयएसमध्ये उमटत नाही, म्हणून पोर्टल असो वा विकतचे सॉफ्टवेअर, कोणीही तो आकडा आपण होऊन आणणार नाही. खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न करमुक्त उत्पन्नाच्या अनुसूचीत, म्हणजे ‘शेड्यूल ईआय’मध्ये, तुम्हालाच लिहावे लागेल. ते पाच लाखांच्या वर असेल, तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की भाडेपट्ट्याची आणि बागायती की जिरायती, हेही विचारले जाते.

तुमच्यासाठी मोफत सुविधा पुरेशी आहे, असे माझे मत आहे. आयटीआर-२ पोर्टलवर थेट भरता येतो किंवा विभागाची ऑफलाइन युटिलिटी संगणकावर उतरवून, आधीच भरलेल्या माहितीची जेसन फाइल तिच्यात घेऊन, सवडीने पूर्ण करता येतो. मी दुसरी पद्धत सुचवीन, कारण पोर्टलवर थोडा वेळ काही केले नाही की पुन्हा लॉगिन करावे लागते. एक्सेल युटिलिटीही आहे, मात्र तिच्यासाठी मॅक्रो (फाइलमधील आपोआप चालणारे आदेश) चालू करावे लागतात आणि नवख्या माणसाला तिचा वैताग येतो.

उत्तर ३ (होटगी रस्ता)

मी क्लिअरटॅक्स आणि क्विको या विवरणपत्र भरण्याच्या दोन्ही खासगी सेवा पाहिल्या आहेत. शेअरचे शेकडो व्यवहार असतील, तर ब्रोकरकडील विवरण एकदम आत घेण्याच्या सोयीसाठी पैसे देणे पटते. विशेषतः २०२४-२५ च्या विवरणपत्रासाठी, कारण २३ जुलै २०२४ पूर्वीच्या आणि नंतरच्या विक्रीला वेगवेगळे दर आहेत. तुमच्या फंडाच्या एक-दोन विक्रींसाठी तो खर्च व्यर्थ ठरेल. कोणतीही सेवा घेतली तरी पोर्टलचा पासवर्ड कोणाच्या हाती देऊ नका, आणि ‘परतावा वाढवून देतो’ असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा. खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभर कारवाई केली आहे, आणि विवरणपत्रातील मजकुराला जबाबदार शेवटी करदाताच असतो.

शिक्षिका, जुळे सोलापूर

सर्वांचे आभार. बागेचे निव्वळ उत्पन्न दोन लाख धरा, आणि प्रमाणित वजावटीनंतर वेतन व व्याज मिळून आठ लाख. मी नव्या करप्रणालीत आहे. पण उत्पन्न करमुक्तच असेल, तर ते दाखवल्याने कर कसा वाढेल?

उत्तर ४ (कर व्यवसायी, नवी पेठ)

शेतीवर कर लागत नाही, पण बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना तिचा विचार होतो. २०२४-२५ च्या दरांनी आधी आठ आणि दोन मिळून दहा लाखांवरचा कर काढायचा, तो पन्नास हजार होतो. मग शेतीचे दोन लाख आणि तीन लाखांची मूळ सूट मिळून पाच लाखांवरचा कर, म्हणजे दहा हजार, त्यातून वजा करायचा. उरले चाळीस हजार, आणि चार टक्के उपकर धरून ४१,६०० रुपये. शेती लपवली असती, तर फक्त आठ लाखांवरचे ३१,२०० दिसले असते. शाळेने बागेचा विचार न करता कर कापला असेल, तर फरकाचे १०,४०० रुपये स्वयंनिर्धारण कर म्हणून विवरणपत्र दाखल करण्यापूर्वी भरावे लागतील, आणि ही रक्कम दहा हजारांच्या वर असल्यामुळे आगाऊ कर न भरल्याचे थोडे व्याजही पडेल.

हे आकडे कागदावर लिहून जवळ ठेवा. शेतीचा आकडा भरल्यानंतरही सॉफ्टवेअर ३१,२०० रुपयेच दाखवत असेल, तर तो अनुसूचीतून पुढच्या गणितापर्यंत पोहोचलेला नाही असे समजून विवरणपत्र दाखल करू नका. आधी ती नोंद पुन्हा तपासा.