फंक्शनल एमआरआयमध्ये गाठीजवळ रंग नाही, म्हणजे बोलण्याला धोका नाही?

प्रश्न:
वडिलांच्या मेंदूत डावीकडे, कपाळामागच्या भागात ग्लायोमा (मेंदूतील आधारपेशींची गाठ) आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या फंक्शनल एमआरआयमध्ये त्यांना एका अक्षराने सुरू होणारे शब्द मनातल्या मनात आठवायला सांगितले होते. चित्रात रंगीत दिसणारा एकही ठिपका गाठीला लागून नाही. त्यांची वाचा शाबूत राहील, असे मानावे का?

प्रतिसाद १:
एवढ्यावरून तसे मानू नये. हे यंत्र भाषेचे केंद्र थेट पाहत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात जो फरक पडतो, तो ते टिपते. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्यांची ही प्रतिक्रियाच मंदावली असेल, तर पेशी काम करत असूनही रंग उमटत नाही. भाषा मुख्यत्वे डाव्या गोलार्धात आहे की उजव्या, हे ठरवायला मात्र ही तपासणी उपयोगी पडते.

प्रतिसाद २:
डिफ्युजन टेन्सर इमेजिंग झाले आहे का, तेही विचारा. पाण्याचे रेणू मज्जातंतूंच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज सरकतात, त्यावरून तंतूंच्या जुडग्यांचा नकाशा काढता येतो. फ्रेंच शल्यविशारद ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतील इजा दाखवली, तेव्हापासून सगळ्यांचे लक्ष पृष्ठभागावरच्या केंद्राकडे असते. माझ्या मते खरी मेख खाली आहे. हळू वाढणाऱ्या गाठीत पृष्ठभागाचे काम शेजारचे भाग काही प्रमाणात उचलतात, पण आर्क्युएट फॅसिक्युलससारखा, भाषेची केंद्रे जोडणारा खोलवरचा तंतुमार्ग तुटला तर भरपाई अवघड असते. म्हणून गाठ आणि हा मार्ग यांत किती अंतर आहे, हे अहवालात पाहा. सुजेमुळे शाबूत तंतूही नकाशात तुटलेले दिसू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद ३:
माझ्या भावाची शस्त्रक्रिया त्याला जागे ठेवून झाली, कारण कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो आणि आधीचा नकाशा तंतोतंत जुळत नाही. त्याला चित्रे दाखवत होते, एका जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला तेव्हा कात्री पाहून तो “ते... कापायचं...” एवढेच म्हणाला, आणि ती जागा शल्यविशारदांनी सोडून दिली. तरीही नंतर काही दिवस तो जवळजवळ बोललाच नाही. गाठ मेंदूच्या मध्यरेषेलगत, पूरक चालक क्षेत्रात (हालचाल आणि बोलणे सुरू करण्यात भाग घेणाऱ्या पट्ट्यात) होती. तिथल्या शस्त्रक्रियेनंतर असे मौन येते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते, याची कल्पना आम्हाला आधी दिली होती. वडिलांची भाषाचाचणी शस्त्रक्रियेपूर्वीच, ते रोज बोलतात त्या प्रत्येक भाषेत करून घ्या. नंतर तुलना कशाशी करायची, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला होता.